टर्नरच्या वादळात बांधलेला माणूस



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. आधी नीट बघा, मग कागदाला हात लावा, हे त्यांचं नेहमीचं सांगणं. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात चित्रकलेच्या इतिहासाचा फेरफटका मारण्यापेक्षा एकाच चित्रासमोर थांबावं असं मला वाटलं. मागच्या पडद्यावर दिसतं आहे ते जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर या इंग्रज चित्रकाराचं तैलचित्र आहे. साधारण तीन फूट उंच, चार फूट रुंद. १८४२ साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं, तेव्हा टर्नर ६७ वर्षांचा होता. मूळ चित्र आज लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे.

आता बघू या. करडा, तपकिरी, शेवाळी आणि मळकट पांढरा असे रंग एका अदृश्य आसाभोवती गरगरत आहेत. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं, ते कळत नाही. पाय टेकायला किनारा नाही. क्षितिजाची सरळ रेघ नाही. वरच्या बाजूला निळ्या आकाशाचा एक तुकडा आहे, पण त्याने धीर येत नाही. मग नजर मध्यावर जाते आणि तिथल्या काळ्या डागाची हळूहळू बोट होऊ लागते. कुशीला चाक असलेली आगबोट आहे ती. चाकाचं काळं आवरण दिसतं, एक बारीकशी लवलेली डोलकाठी दिसते, धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्याने पिळवटून वर नेलेला दिसतो. बोटीपाशी एक पांढरट-पिवळा उजेड आहे. तो इशाऱ्यासाठी सोडलेल्या दारूच्या बाणाचा असावा. माणूस मात्र एकही ओळखू येत नाही.

टर्नरने चित्राला दिलेलं नाव जहाजाच्या रोजनाम्यातल्या नोंदीसारखं लांबलचक आहे. मराठीत ते असं होईल: ‘हिमवादळ. बंदराच्या तोंडाशी असलेली आगबोट, उथळ पाण्यात इशारे करत आणि शिसं टाकून खोली मोजत चाललेली. एरियल बोट हार्विचहून निघाली त्या रात्री चित्रकर्ता स्वतः या वादळात होता.’

या नावातलं शेवटचं वाक्य जगभर गाजलं. मधल्या शब्दांकडे, म्हणजे उथळ पाणी, इशारे आणि शिसं यांच्याकडे, फारसं कोणी थांबून पाहिलेलं दिसत नाही. माझं आजचं म्हणणं या मधल्या शब्दांपाशी आहे. पण आधी ती गाजलेली गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल.

विल्यम किंग्जली नावाचे एक पाद्री टर्नरच्या ओळखीचे होते. त्यांनी आपल्या आईला टर्नरची चित्रं दाखवायला नेलं, तर बाई या वादळाच्या चित्रापुढून हलेनात. पुढे किंग्जलींनी हे टर्नरला सांगितलं. टर्नर म्हणाला की हे चित्र लोकांना समजावं म्हणून मी काढलेलंच नाही, असं दृश्य कसं असतं तेवढं दाखवायचं होतं. ते पाहता यावं म्हणून मी खलाशांकडून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, चार तास तसा होतो, जगेन असं वाटत नव्हतं, पण जगलो तर नोंद करायचीच असं मनाशी धरलं होतं. वर हेही म्हणाला की हे चित्र आवडून घ्यायचं कोणाला काही कारण नाही. किंग्जली म्हणाले, माझी आई एकदा अशाच प्रसंगातून गेली होती, चित्र पाहून तिला ते सगळं आठवलं. टर्नरने विचारलं, तुमची आई चित्रकार आहे का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग तेव्हा त्यांनी दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला हवा होता. ही हकीकत कलासमीक्षक जॉन रस्किनने नोंदवून ठेवली आणि तेव्हापासून टर्नर म्हटलं की डोलकाठी आणि दोरखंड हे समीकरण झालं.

गोष्ट थरारक आहे. ती खरी आहे का, हा प्रश्न अभ्यासकांनी कसून तपासला आहे. त्या काळात हार्विचहून जाणारी, या वर्णनात बसणारी एरियल नावाची आगबोट कागदपत्रांत सापडत नाही. टर्नर त्या सुमाराला हार्विचला गेल्याचाही पुरावा मिळालेला नाही. साठी उलटून गेलेला माणूस हिमवादळात चार तास उघड्यावर बांधलेला राहून जिवंत परतला, हेही मानायला जड जातं. शिवाय ही गोष्ट टर्नरच्या आधीपासून चित्रकारांच्या जगात फिरत होती. अठराव्या शतकातला फ्रेंच सागरचित्रकार जोसेफ व्हेर्ने याने वादळ पाहण्यासाठी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं, असं सांगत. त्याचा नातू होरेस व्हेर्ने याने १८२२ साली या प्रसंगाचं मोठं चित्रच रंगवलं. त्याहूनही मागे गेलो तर ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस डोलकाठीला बांधलेला भेटतो. टर्नरला हे सगळं ठाऊक असणार.

म्हणजे म्हातारा खोटं बोलला का? मला तसं म्हणावंसं वाटत नाही. टर्नर वादळात सापडला होता, एकदा नव्हे, अनेकदा. त्यातली एक वेळ त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आपल्यापुढे आहे. १८०२ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात थोड्या काळासाठी तह झाला आणि २७ वर्षांचा टर्नर पहिल्यांदा परदेशी निघाला. कॅलेच्या बंदराशी पोचले तेव्हा समुद्र इतका खवळलेला होता की बोट आत नेता येईना. टर्नर आणि काही उतारू छोट्या होडीत उतरून किनाऱ्याकडे निघाले आणि होडी लाटांखाली जाता जाता वाचली. त्याच्या वहीत त्या दिवसाची रेखाटनं आहेत आणि जवळजवळ बुडालोच होतो अशा अर्थाची दोन-चार शब्दांची नोंद आहे. होडी हेलकावे खात असताना डोळा काम करत होता. पुढच्या वर्षी त्याने ‘कॅलेचा धक्का’ हे मोठं चित्र प्रदर्शनात मांडलं.

ते चित्र आणि १८४२ चं चित्र शेजारी ठेवा. विषय एकच आहे, बंदराच्या तोंडाशी अडचणीत आलेली बोट. कॅलेच्या चित्रात काळे ढग आहेत, फुगलेली शिडं आहेत, धक्क्यावर कोळणी आणि मासे आहेत, लाटांना घडीव आकार आहे. पाहणारा धक्क्याच्या टोकाशी उभा आहे. तो भिजला तर भिजेल, पण बुडणार नाही. युरोपातल्या सागरचित्रांची ही जुनी रीत होती. डच चित्रकारांनी ती घडवली. त्यांतले व्हान डे व्हेल्डे पितापुत्र १६७० च्या दशकात लंडनला आले आणि इंग्लंडच्या राजाने दोघांना सालाना शंभर-शंभर पौंडांचा तनखा बांधून दिला. थोरला व्हेल्डे आरमारी लढाया पाहायला स्वतः छोट्या बोटीतून तोफांच्या टप्प्यात जाई. या घराण्याची चित्रं पाहत टर्नर वाढला. १८०१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्याकडच्या धाकट्या व्हेल्डेच्या चित्राला जोड म्हणून टर्नरकडून वादळातल्या डच होड्यांचं चित्र करून घेतलं. म्हणजे जहाज कसं काढायचं, दोरखंड कुठे ताणतो आणि कुठे सैल पडतो, लाटेची कड कुठे फुटते, हे टर्नरला ऐन तारुण्यातच पक्कं येत होतं.

हे सांगण्याचं कारण असं की १८४२ चं चित्र पाहून आजही कोणीतरी म्हणतं, याला जहाज काढता येत नसावं. येत होतं, आणि इंग्लंडात त्या वेळी त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. त्याने ते काढायचं नाही असं ठरवलं.

का ठरवलं, याचं उत्तर त्या शिशाच्या गोळ्यापाशी आहे.

गोळा म्हणतो खरा, पण ते शिशाचं लांबट वजन असे, काही किलोंचं, आणि त्याला लांब दोरी बांधलेली. रात्री, धुक्यात, हिमवर्षावात किनारा दिसेनासा झाला की बोट सावकाश चालवत कडेला उभा असलेला खलाशी ते झोका देऊन पुढे फेकी. बोट पुढे सरकून दोरी उभी होईतो वजन तळाला टेकलेलं असे. मग किती वाव पाणी आहे ते तो मोठ्याने ओरडून सांगे. अंधारात दोरीवरचं माप कसं वाचायचं? त्यासाठी ठरावीक अंतरांवर खुणा शिवलेल्या असत. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन, पाचांवर पांढरं सुती फडकं, सातांवर लाल लोकरी फडकं, दहांवर भोक पाडलेलं चामडं. कापडं वेगवेगळ्या पोताची घेत, कारण बोटं गारठली तर खलाशी खूण ओठांना लावून ओळखत. वजनाच्या बुडाशी खळगा असे आणि त्यात चरबी भरत. वर ओढलं की चरबीला तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटलेला असे. पाणी पाच वाव आहे, तळाला बारीक वाळू आहे, म्हणजे आपण अमुक ठिकाणी असणार, असा हिशोब जाणता माणूस करी.

डोळे निकामी झाल्यावर बोटं, ओठ आणि कान यांच्या जोरावर जहाज बंदरात नेण्याची ही विद्या आहे. आणि हे काम करणारा खलाशी बोटीच्या कडेबाहेर झुकून उभा असे, म्हणून तो पाण्यात पडू नये यासाठी त्याच्या छातीभोवती दोर किंवा पट्टा घेऊन तो बोटीला बांधत. टर्नरच्या आगबोटीवर त्या रात्री डोलकाठीला कोणी बांधलेलं असो वा नसो, शिसं टाकत चाललेल्या बोटीवर बांधलेला माणूस असतोच. तो चित्रात दिसत नाही. नावात मात्र त्याच्या कामाची नोंद टर्नरने करून ठेवली आहे.

आता चित्राकडे पुन्हा बघा. जिथून आपण पाहतो आहोत तिथे क्षितिज कसं दिसेल? बोट कलते तसं तेही कलतं. उडालेलं पाणी, हिम आणि धूर एकमेकांत मिसळलेले असताना त्यांच्यात सीमारेषा कोण ओढणार? टर्नरने धक्क्यावरच्या प्रेक्षकाला उचलून पाण्यात आणून ठेवलं आहे. तिथे घडीव लाट काढणं हीच थाप ठरली असती. ज्याला हे चित्र धूसर वाटतं त्याला मी म्हणेन की ते काटेकोर आहे. दिसेनासं होतं तेव्हा किती आणि काय दिसतं, याचा तो अचूक हिशोब आहे.

एरियलबद्दल एक तर्क अभ्यासकांनी मांडला आहे, तो मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. नोव्हेंबर १८४० मध्ये हार्विचहून ‘फेअरी’ नावाचं ब्रिटिश आरमाराचं जहाज निघालं आणि वादळात सगळ्या माणसांसह बुडालं. कदाचित टर्नरच्या मनात ते नाव असेल आणि फेअरीची एरियल झाली असेल. हा तर्क बरोबर की चूक, ते बाजूला ठेवू. पण फेअरी काय काम करत होती? ते सर्वेक्षणाचं जहाज होतं. कप्तान विल्यम हेवेट कित्येक वर्षं उत्तर समुद्राची खोली मोजत होता. त्याच १८४० सालच्या उन्हाळ्यात त्याने भर समुद्रात एका जागी वारंवार खोली मोजून दाखवून दिलं होतं की तिथे भरती-ओहोटीने पाणी जवळजवळ चढत-उतरत नाही. विल्यम ह्यूएल या शास्त्रज्ञाने कागदावर केलेलं भाकीत त्याने समुद्रात पडताळलं. खोली मोजणाऱ्यांचं ते जहाज त्याच समुद्राने गिळलं. टर्नरला ही बातमी ठाऊक असेल तर चित्राच्या नावातलं शिसं सहज आलेलं नाही.

बंदर जवळ आलं म्हणजे सुटलो, असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं. दर्यावर्दी असं मानत नाहीत. भर समुद्रात बोटीला वाऱ्यापुढे पळायला जागा असते. उथळ पाण्यात लाट उभी राहते, फुटते, आणि खाली वाळू टपलेली असते. आपल्या कोकणात खाडीच्या मुखावरच्या वाळूने किती मचवे घेतले, ते या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना माहीत आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईपासून फार दूर गेलेली नव्हती. सहाशेहून अधिक माणसं त्या दिवशी गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि गावंच्या गावं सुतकात होती. टर्नरच्या चित्रातलं ‘बंदराच्या तोंडाशी’ म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही आगबोट आहे, शिडाचं जहाज नव्हे, हेही महत्त्वाचं. १८४२ साली वाफेची शक्ती ही नवी आशा होती. आता वाऱ्याची मिजास चालणार नाही असं लोक बोलत. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली आणि सुमारे महिनाभरात पोचली, तेव्हाही असाच उत्साह होता. पण नैर्ऋत्येचा पावसाळी वारा तोंडावर आला की त्या काळच्या आगबोटींचा जोर संपे. कुशीला चाकं असलेली बोट आडवी हलली की एक चाक खोल रुतून बसतं, दुसरं वर येऊन हवेत नुसतंच फिरतं, आणि बोट भलतीकडे वळते. टर्नरने चाकाचं काळं आवरण चित्राच्या ऐन मध्यावर ठेवलं आहे. यंत्र चालू आहे, धूर निघतो आहे, तरी वाट शोधायची ती जुन्या शिशानेच. नव्या यंत्राची टर्नरने थट्टा केलेली नाही. त्याला आगबोटी आवडत. टेम्समधून मार्गेटला जाणाऱ्या आगबोटीने तो वर्षानुवर्षं प्रवास करी, आणि मागच्या कठड्यावरून ओणवा होऊन चाकांनी घुसळलेल्या फेसाकडे बघत राही, अशी सहप्रवाशाची आठवण आहे.

प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा टीका झाली. एका साप्ताहिकाने लिहिलं की या गृहस्थाने आता स्वयंपाकघरातलं सगळंच सामान रंग म्हणून वापरलं आहे. साबणाचा फेस आणि चुन्याची सफेदी, असंही कोणी म्हणालं. हे शब्द टर्नरला फार लागले. त्या संध्याकाळी तो रस्किनच्या वडिलांच्या घरी जेवायला होता. शेकोटीपाशी बसून तो तेच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होता आणि विचारत होता, यांना समुद्र असतो तरी कसा वाटतो? हे लोक त्यात असते म्हणजे कळलं असतं. आयुष्यभर समुद्र पाहिलेल्या माणसाचं ते दुःख होतं. रस्किन तेव्हा २३ वर्षांचा होता. टर्नरवरच्या अशाच टीकेला उत्तर द्यायला बसलेल्या या मुलाने लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड पुढच्याच वर्षी आला, आणि समुद्राची हालचाल, धुकं आणि प्रकाश यांचं याहून भव्य चित्रण कॅनव्हासवर क्वचितच झालं असेल, असा निर्वाळा त्याने या चित्राबद्दल दिला. तरी चित्र विकलं गेलं नाही. टर्नरच्या गळक्या छपराच्या खाजगी दालनात ते पडून राहिलं. १९ डिसेंबर १८५१ ला तो गेला. मृत्युपत्रावरून नातेवाइकांशी वाद झाला, आणि अखेर १८५६ साली सुमारे तीनशे तैलचित्रं आणि तीसेक हजार रेखाटनं व जलरंगचित्रं ब्रिटिश राष्ट्राच्या मालकीची झाली. त्यांत हे वादळ होतं. त्यांत सुमारे तीनशे वह्याही होत्या.

किंग्जलींच्या आईबद्दल दोन शब्द बोलायचे राहिले. टर्नरने त्यांना झिडकारलं, हे मला मनापासून खटकतं. समीक्षकांना समुद्रात असण्याचा अनुभव नाही म्हणून तो कळवळतो, आणि ज्या एका बाईंना तो अनुभव होता, ज्यांनी चित्र पाहताक्षणी ओळखलं, त्यांना तो चित्रकार नाही म्हणून बाजूला सारतो. माझ्या मते या चित्राची सर्वात खरी पारख त्या बाईंनी केली. रस्किनच्या आधी ती गणली पाहिजे.

मग त्या दोरखंडाचं काय करायचं? ती गोष्ट सांगू नये असं मी म्हणणार नाही. पण ती एकटी सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, एका रात्रीच्या धाडसातून चित्र जन्मलं. आमच्या तरुण चित्रकारांना असं वाटणं मला घातक वाटतं. अनुभव विकत घ्यायला ते लांब लांब जातात, जिवावरचे खेळ करतात आणि हाताचा सराव राहून जातो. १८०२ च्या कॅलेपासून या चित्रापर्यंत चाळीस वर्षं होतात. त्या चाळीस वर्षांत टर्नरने किनारे, धक्के, लाटा आणि ढग हजारो पानांवर उतरवले, बहुतेक वेळा पेन्सिलीच्या चार रेघांत, कधी हलत्या बोटीत बसून. चार तास बांधून घेणारा माणूस वाचला तर आपली हकीकत सांगेल. हे चित्र काढायला वहीत बांधलेली चाळीस वर्षं लागली.

इथे चित्रकला शिकवणारे अनेक शिक्षक बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. टेट संग्रहालयाने टर्नरच्या त्या वह्यांची पानं आपल्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावीत अशी ठेवली आहेत, त्याला पैसे पडत नाहीत. १८०२ ची कॅलेची वही मुलांना एकदा उघडून दाखवा. मग पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आधी, समुद्र अजून खवळलेला असताना त्यांना सुरक्षित जागी बंदरावर न्या, प्रत्येकाच्या हातात एक वही आणि एक पेन्सिल द्या, आणि पानं ओली झाली तरी रागावू नका.